आधी समेट, मग अर्पण : प्रभुभोजनाच्या आठवड्याची तयारी

महाराष्ट्रातल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांत, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) महिन्यातून एकदा असते, बहुतेक ठिकाणी पहिल्या रविवारी. तयारी म्हणजे काय, असे विचारले तर उत्तर ठरलेले : सकाळी काही खायचे नाही, इस्त्रीचे कपडे घालायचे, अर्पणाचे पाकीट विसरायचे नाही. हे सगळे करावे, त्यात वावगे काही नाही. पण खरी तयारी माणसांशी असते, आणि ती रविवारच्या सकाळी सुरू करून होत नाही. उपासना चालू असताना चौथ्या बाकावर बसलेली जाऊ दिसते आणि मग आठवते की, दिवाळीपासून आपण तिच्याशी बोललेलोच नाही. तोवर ताट फिरायला लागलेले असते.

म्हणून सोमवारपासून सुरुवात करावी. खालचा क्रम मासिक प्रभुभोजन पाळणाऱ्यांसाठी आहे. वसई, मुंबई, कोकण, गोवा इथल्या कॅथलिक कुटुंबांत दर रविवारी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनासह उपासना, असते. त्यांनी हाच क्रम महिन्यातून एकदा, कुमसाराला म्हणजे धर्मगुरूपाशी पापांची कबुली देण्याच्या प्रायश्चित्त संस्काराला जाण्याच्या आठवड्यात धरावा.

दोन वचने, दोन वेगळी कामे

पुढचे सगळे बायबलमधल्या दोन वचनांवर उभे आहे आणि त्यांची गल्लत फार होते. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो की, वेदीपाशी दान आणले असताना, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवावे, जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. मार्क ११:२५ मध्ये परिस्थिती उलटी आहे : प्रार्थनेला उभे असताना आपल्या मनात कोणाविरुद्ध काही असेल, तर क्षमा करावी.

नीट पाहा. पहिल्या ठिकाणी चूक माझी आहे आणि दुखावलेला तो आहे. तिथे उठून जायचे आहे. दुसऱ्या ठिकाणी दुखावलेला मी आहे. तिथे उठून जायला सांगितलेले नाही. जिथे उभे आहोत तिथेच, देवासमोर, क्षमा करायची आहे.

ही गल्लत झाली की काय होते? माणूस एखाद्याच्या घरी जाऊन जाहीर करतो, "मी तुम्हाला माफ केलं आहे." समोरच्याला आपण काही केले होते हेच माहीत नसते. त्याच्या कानाला ती क्षमा आरोपासारखी लागते आणि नवे भांडण उभे राहते. ज्याला आपली तक्रार ठाऊकच नाही, त्याच्याकडे क्षमा द्यायला जाऊ नये. त्याची चूक मोठी असेल आणि त्याला सांगणे भागच असेल, तर त्यासाठी मत्तय १८:१५-१७ ची वेगळी वाट आहे : आधी एकट्याने जाऊन एकांतात बोलायचे, मग एकदोघांना बरोबर न्यायचे, आणि शेवटी मंडळीपुढे. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. मंडळीला आधी कळते, संबंधित माणसाला सर्वांत शेवटी.

आणखी एक गोष्ट. मत्तय ५ मधले हे वचन ज्यात येते ते डोंगरावरचे प्रवचन ऐकणारे लोक गालीलातले होते, वेदी यरुशलेमेत होती. मधले अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, पायी काही दिवसांचा रस्ता. दान तिथेच ठेवून गावी जा, समेट कर आणि परत ये, याचा अर्थ त्या ऐकणाऱ्यांना किती खर्चाचा वाटला असेल, याचा अंदाज करावा. आपल्याला बहुतेक वेळा पुढच्या गल्लीत जायचे असते.

सोमवार : यादी

वीस मिनिटे पुरतात. कागद घ्यावा, मोबाइल नको. घरातला मोबाइल चार हातांत फिरतो आणि ही यादी कोणाच्या हाती लागता कामा नये. स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचने वाचावीत, कारण तिथे माझे मन पारखून पाहा अशी विनंती आहे, आणि मग चार रकाने आखावेत : कोण, मी काय केले, त्याचे काय नुकसान झाले, त्यातले काय परत करता येईल.

दुसऱ्या रकान्यात एकच वाक्य आणि त्यात कृती हवी. "सासूबाईंशी माझं पटत नाही" ही कृती नव्हे. "सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मी मुद्दाम दोनदा पुढे ढकलली" ही कृती आहे. "ऑफिसात वातावरण वाईट आहे" हे काढून टाकावे. "सहकाऱ्याने केलेला हिशेब मी साहेबांना माझा म्हणून दाखवला" हे लिहावे.

काहीच सुचत नसेल तर १ करिंथ १३:४-७ उघडावे. लग्नात वाचून वाचून हा उतारा गुळगुळीत झाला आहे, पण तो नवरानवरीसाठी लिहिलेला नव्हता. आपसांत भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेला होता. 'प्रीती' या शब्दाच्या जागी स्वतःचे नाव घालून एकेक वाक्य मोठ्याने वाचावे. सहनशील आहे, हेवा करत नाही, चिडत नाही, अपकार मोजून ठेवत नाही. जिथे जीभ अडखळते तिथे थांबावे आणि लगेच विचारावे, कोणाच्या बाबतीत?

यादी करताना तीन चुका हमखास होतात. पहिली, यादी दुसऱ्यांच्या दोषांची होते. पाच ओळी लिहून झाल्यावर वाक्यांचा कर्ता कोण आहे ते तपासावे. दुसरी, चाळीस नावे होतात. संवेदनशील माणसांना प्रत्येक जुनी गोष्ट पाप वाटू लागते आणि मग काहीच हातून होत नाही. तीन नावांच्या पुढे जाऊ नये आणि या आठवड्यात त्यांतले एकच हाती घ्यावे. तिसरी चूक म्हणजे सर्वांत सोपे नाव निवडणे. ज्या नावापाशी पोटात गोळा येतो, बहुधा तेच या महिन्याचे असते.

मंगळवार : आधी पैसा आणि वस्तू

शब्दांच्या आधी हिशेब करावा. उसने घेतलेले परत न करता मागितलेली क्षमा ऐकणाऱ्याला फुकटची वाटते, आणि त्याचे काही चुकत नाही. लेवीय ६:१-७ मध्ये फसवून घेतलेल्या, ठेवीतून लाटलेल्या किंवा सापडून दडवलेल्या वस्तूबद्दल नियम आहे : मूळ वस्तू पुरी परत करायची, वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा आणि त्यानंतर दोषार्पण, म्हणजे दोषाबद्दल वेदीवर वाहायचे अर्पण, आणायचे. इथेही आधी माणूस, मग वेदी. जक्कय नावाचा जकातदार (लूक १९) तर चौपटीवर गेला आणि निम्मी मालमत्ता गरिबांना देऊन बसला, पण तो त्याच्या आनंदाचा आकडा होता, सगळ्यांवर लादलेला दर नव्हे.

घरगुती हिशेब असा. मेहुण्याकडून चार वर्षांपूर्वी १०,००० रुपये घेतले आणि नंतर विषय टाळत राहिलो, तर १२,००० द्यावेत. एकरकमी नसतील तर आज २,००० आणि पुढे दहा महिने १,००० अशी तारखेसह चिठ्ठी लिहून द्यावी. "जमेल तसं देतो" हे वाक्य वापरू नये. त्याच वाक्याने चार वर्षे गेलेली असतात. ज्याचे देणे आहे तो वारला असेल, तर गणना ५:८ प्रमाणे त्याच्या जवळच्या नातेवाइकाला द्यावे. कोणीच नसेल तर रक्कम मंडळीच्या गरीब निधीत घालावी, पण पावतीवर आपले नाव दानशूर म्हणून येऊ देऊ नये. ते दान नव्हे, देणे आहे.

कामवाल्या मावशींचा कापलेला पगार, रिक्षावाल्याला न दिलेले सुटे, ग्रंथालयातले पुस्तक, मंडळीच्या स्वयंपाकघरातून नेलेले आणि परत न आलेले पातेले हेही याच रकान्यात येते. लहान वाटते, पण इथून सुरुवात केली की पुढची भेट सोपी जाते.

बुधवार किंवा गुरुवार : भेट

हा आठवड्यातला सर्वांत अवघड भाग आहे, म्हणून बारकाव्याने सांगायला हवा.

फोन करून वेळ घ्यावी. अचानक दारात उभे राहिले की समोरच्याला तयारीला अवसर मिळत नाही आणि घरात पाहुणे असतील तर तो कोंडीत सापडतो. फोनवर विषय थोडक्यात सांगावा : "आईच्या आजारपणाबद्दल माझ्याकडून जे झालं त्याविषयी बोलायचं आहे. दहा मिनिटं लागतील. कधी येऊ?" नको म्हणाले तर नको. आठवडाभर थांबून एकदा परत विचारावे आणि तिथे थांबावे.

जेवणाची वेळ टाळावी. मुलांसमोर, सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर बोलू नये. उपासनेहून परतताना, हातात पवित्र शास्त्र (बायबल) घेऊन जाऊ नये. समोरच्याला वाटते की आता उपदेश होणार. आणि पेढ्यांचा पुडा नेऊ नये. मिठाई हातात ठेवली की नाही म्हणणे असभ्य ठरते, आणि नाही म्हणायची मोकळीक त्याला असायलाच हवी.

बोलण्यात पाच गोष्टी याव्यात : मी काय केले ते नाव घेऊन; त्याने तुझे काय झाले; त्यासाठी दुसरे कोणी जबाबदार नाही; मी आता काय करणार आहे; आणि क्षमेची विनंती. उदाहरणार्थ :

"दादा, आईच्या हॉस्पिटलचं अर्धं बिल मी देईन म्हणालो होतो आणि दिलं नाही. तू सगळं एकट्यानं भरलंस, त्यासाठी वहिनींचे दागिने गहाण ठेवावे लागले. माझ्याकडे पैसे होते, मी देऊ शकलो असतो. वीस हजार आज आणले आहेत, बाकीचे दर महिन्याच्या पाच तारखेला पाच हजार असे देईन. मला क्षमा करशील का? आत्ता उत्तर दिलं नाहीस तरी चालेल."

एवढेच. यापेक्षा लांबवले की कारणे सुरू होतात.

बिघडवणारी वाक्ये ठरलेली आहेत. सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत प्रचलित : "काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा." यात चूक मान्य केलेलीच नाही, लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना निरोप देताना म्हणायचे हे वाक्य आहे. दुसरे : "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर…" म्हणजे दोष तुमच्या वाटण्याचा. तिसरे : "माझी चूक झाली, पण तुम्हीही…" त्या 'पण'च्या आधीचे सगळे पुसले जाते. चौथे खास ख्रिस्ती घरांतले : "प्रभूनं मला क्षमा केली आहे, आता तुम्हीही करायला हवी." क्षमा मागणाऱ्याने समोरच्याला वचने ऐकवू नयेत. ती त्याला ठाऊक असतात.

समोरचा चिडला, जुने उकरून काढू लागला, तर ऐकून घ्यावे. त्यातले अर्धे चुकीचे असले तरी त्या दिवशी दुरुस्ती करू नये. पंधरा मिनिटांनी निघावे. तुमची जबाबदारी जाण्याची आणि खरे बोलण्याची आहे. रोम १२:१८ मध्ये पौलाने (सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित) "साधेल तर" आणि "तुमच्याकडून होईल तितके" असा आशय मुद्दाम ठेवला आहे. दार बंद झाले तर तुमच्या बाजूचे काम झाले, आणि रविवारी प्रभुभोजन घ्यायला हरकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्षमा मागू नये, कुटुंबाच्या ग्रुपवर तर नाहीच. चूक ग्रुपवर केली असेल, म्हणजे चारचौघांत कोणाला घालूनपाडून बोललो असू, तर आधी त्या व्यक्तीची भेट घ्यावी आणि तिच्या संमतीने ग्रुपवर एका ओळीत चूक मान्य करावी. माणूस परगावी किंवा परदेशी असेल तर फोन. फोन उचलत नसेल तर हाताने लिहिलेले पत्र, एका पानाच्या आत.

जमिनीचा वाद असेल तर

मराठी घरांत, हिंदू असो की ख्रिस्ती, भाऊबंदकीचे मूळ बहुधा सातबाऱ्यावर असते. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : नाते आणि हक्क. भावाला शिवी दिली, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही, वडिलांच्या मातीला त्याला कळवले नाही, याची क्षमा आजच मागता येते. बांध कोणाचा, हा प्रश्न त्याच बैठकीत सोडवायला जाऊ नये.

भरल्या डोळ्यांनी कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्राची नोंदणी करावी लागते. प्रार्थनेनंतर लिहिलेल्या चिठ्ठीने काम होत नाही. उलट पुढच्या पिढीला नवा दावा मिळतो. खासकरून बहिणींकडून "प्रेमाखातर" हक्क सोडवून घेण्याची पद्धत आहे. ज्याच्या पदरात लाभ पडतो त्याने प्रेमाचा दाखला देऊ नये, एवढा साधा नियम पाळावा.

१ करिंथ ६ मध्ये पौलाने विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचण्याबद्दल कडक शब्द वापरले आहेत आणि तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का, असे विचारले आहे. तेव्हा दोघांनाही मान्य असलेला तिसरा माणूस, मध्यस्थी केंद्र किंवा लोकअदालत हे मार्ग आधी पाहावेत. दावा चालूच असेल तर तो लगेच मागे घ्यायलाच हवा असे नाही, पण तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात भावाला नमस्कार करता येतो आणि खोटे शपथपत्र न देणे तर आपल्याच हातात असते.

जिथे जाऊ नये

मारहाण करणारा नवरा, लैंगिक अत्याचार करणारा नातेवाईक, धमकावणारा सावकार यांच्या बाबतीत वरची भेट लागू होत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला समेटासाठी पाठवणे हा मत्तय ५ चा सरळ उलटा अर्थ आहे. तिथे चालत जायचे काम अन्याय करणाऱ्याचे आहे. पीडित स्त्रीने मनात क्षमा केली तरी त्याच घरात परत राहायला जाणे हा वेगळा निर्णय आहे, आणि तो तिच्या सुरक्षिततेवर ठरतो. पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) आणि पंचांनी "कुटुंब मोडू नका" म्हणून तिला परत पाठवू नये. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर असावेत. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीत मिटवण्याचा तो विषय नाही.

शुक्रवार : हात

याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या-भुकेल्या भावाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणून पाठवणाऱ्याची गंमत केली आहे. आपले "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" पुष्कळदा तसेच असते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुण्याकडे घेऊन आल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्यासाठी निवारा झाला, शाळा झाली, विणकाम आणि छापखान्यासारखी हाताला कामे देणारी सोय झाली. प्रार्थना त्याच आवारात होती. मदत द्यायची तर तिचा असा पुढचा विचारही लागतो : आज जेवण, उद्या काय?

घरापुरते पाहायचे तर १ करिंथ १६:२ उपयोगी आहे. पौल म्हणतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे. महिन्याला ३०,००० येत असतील आणि दशमांश पाळत असाल तर ३,००० होतात. त्यांतले मंडळीला किती आणि गरजूला थेट किती, हे पती-पत्नीने मिळून महिन्याच्या सुरुवातीला ठरवावे. ऐनवेळी खिशात हात घातला की मोठ्या आवाजात मागणाऱ्याला मिळते, आणि खरा अडलेला बहुधा मागतच नाही. उत्पन्न तुटपुंजे असेल तर आकड्याच्या मागे लागू नये. आठवड्यातून एक दुपार आजारी माणसापाशी बसणे हेही अर्पणच आहे.

मत्तय ६:३ प्रमाणे उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असे म्हणतो आणि यूपीआयने पैसे पाठवतो. त्यात नाव दिसते. गुप्तपणे द्यायचे असेल तर पाकीट पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या हाती, ज्याच्यासाठी आहे त्याचे नाव लिहून द्यावे. शाळेची फी असेल तर शाळेत भरावी आणि पावती पालकांच्या नावाने घ्यावी. किराणा द्यायचा तर दुकानदाराकडे रक्कम ठेवून त्या बाईंना हवे ते नेऊ द्यावे. आपण निवडलेले पोते, वर फोटो, हे घेणाऱ्याला फार बोचते. आणि मदत आपल्या मंडळीपुरती ठेवू नये. लूक १० मधल्या येशूच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची जात, गाव, मंडळी मदत करणाऱ्याने विचारली नव्हती.

शनिवार संध्याकाळ : घरची प्रार्थना

अर्धा तास. टीव्ही बंद, सगळे खाली बसलेले. एक भजन, स्तोत्र ५१ चे वाचन, दोन मिनिटे शांतता, एकमेकांची क्षमा, इतरांसाठी मध्यस्थीची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना. यात एकच भाग नवा आहे, तो म्हणजे एकमेकांची क्षमा, आणि त्याची सुरुवात घरातल्या मोठ्याने करावी. बाप मुलाला म्हणाला, "मंगळवारी तुझं ऐकून न घेता तुला मारलं, ते चुकलं," तर त्या घरात पुढे उपदेशाची गरज कमी पडते. लहान मुलांवर कबुलीची सक्ती करू नये. ती खोटे पाप रचून सांगतात. वडीलधाऱ्यांनी या वेळेचा उपयोग सुनेला टोमणे मारायला करू नये. प्रार्थनेतून उपदेश करण्याची खोड, "हे प्रभू, आमच्या घरातल्या आळशी माणसांना सद्बुद्धी दे" अशी, फार घरांत आहे. ती प्रार्थना देवाला उद्देशून नसते, हे सगळ्यांना कळते.

उद्या गायची गीते माहीत असतील तर त्यांतल्या दोन गीतांचे शब्द चाल न लावता सावकाश वाचावेत. नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला अभंगाच्या वळणाची गीते दिली, ती टाळ-पेटीवर म्हणताना तोंड आपोआप चालते आणि मन भाजीच्या पिशवीत असते. शब्द आदल्या दिवशी एकदा वाचलेले असले की गाताना त्यांतले एखादे तरी अडवते.

रविवार

प्रार्थनेआधी पंधरा मिनिटे पोहोचावे. उपास करायचा तर प्रकृती पाहून करावा. कॅथलिक नियमाप्रमाणे कम्युनियनआधी, म्हणजे प्रभुभोजन घेण्याआधी, एक तास अन्न वर्ज्य आहे. पाणी आणि औषध चालते, वृद्ध व आजारी यांना सूट आहे. मधुमेहाच्या रुग्णाने उपाशी राहून चक्कर येऊन पडावे, असे कोणत्याच परंपरेत सांगितलेले नाही.

आता मोठा गैरसमज. "मी योग्य नाही" म्हणून वर्षानुवर्षे प्रभुभोजन न घेणारी माणसे प्रत्येक मराठी मंडळीत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना १ करिंथ ११:२७ मधला "अयोग्य प्रकारे" हा इशारा भिववतो. पण तो खाण्याच्या प्रकाराबद्दल आहे, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. लगेच पुढचे वचन सांगते की, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून घरी जावे, असे तिथे नाही. दूर राहायचे कारण एकच : चूक माहीत आहे, जाणे शक्य आहे आणि आपला जाण्याचा विचारच नाही. अशा वेळी या महिन्यात थांबावे, पण पाळकसाहेबांना सांगून, आणि पुढच्या महिन्याची तारीख स्वतःला घालून.

काही मंडळ्यांत अर्पणाआधी, तर मिस्सेत प्रभूच्या प्रार्थनेनंतर, शांतीची देवाणघेवाण असते. शेजारच्या दोघांना नमस्कार करून आपण मोकळे होतो. आठवड्यात ज्याला भेटलो तो मंडळीत असेल तर चार बाक ओलांडून जावे. भेटून झालेले नसेल, तर मात्र तिथे चारचौघांत गळ्यात पडू नये. ती सक्ती होते.

उपासना संपली की आजाऱ्यांचे पाहावे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममधल्या ख्रिस्ती उपासनेचे वर्णन शहीद जस्टिनने लिहून ठेवले आहे. त्यात भाकर व द्राक्षारस गैरहजर असलेल्यांच्या घरी सेवक पोहोचवत, आणि जमलेल्या अर्पणातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांचा सांभाळ होई. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला प्रभुभोजन मिळायला कोणीतरी पाळकांना आठवण करावी लागते. तो कोणीतरी तुम्ही व्हा : नाव, पत्ता, गिळायला त्रास होतो का आणि कोणत्या वेळी जाग असते, एवढे चिठ्ठीवर लिहून शनिवारीच द्यावे.

प्रीतिभोजनाबद्दल

प्रीतिभोजन म्हणजे मंडळीने एकत्र बसून केलेले जेवण. पौलाने करिंथच्या मंडळीला ज्याबद्दल लिहिले (इ. स. ५५ च्या सुमारास) ते भांडण मुळात जेवणाचे होते. आधी येणारे खाऊन-पिऊन तृप्त होत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. मागून येणारे बहुधा दास आणि मजूर होते. म्हणून त्याची शेवटची सूचना अगदी व्यवहारी आहे : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा (११:३३). आपल्या मंडळ्यांत शहरातले-खेड्यातले, बंगल्यातले-वस्तीतले आणि उघड न बोलता पाळली जाणारी जात, हे सगळे प्रीतिभोजनाच्या पंगतीतच दिसते. कोण कोणाशेजारी बसतो ते एकदा नुसते पाहावे.

वर्गणी कुटुंबामागे ठरावीक ठेवली, समजा ३०० रुपये, तर ज्यांना जमत नाही ते त्या रविवारी आजारी पडतात. त्याऐवजी दोन आठवडे आधी बंद पेटी ठेवावी आणि कमी पडेल ते मंडळीने भरावे. शंभर माणसांना तांदूळ १० ते १२ किलो, तूरडाळ ३ ते ४ किलो आणि मटण १२ ते १५ किलो लागते; यावर दहा टक्के जास्त धरावे. मटण पहिल्या पंगतीला हात सैल सोडून वाढले जाते आणि तिसऱ्या पंगतीला नुसता रस्सा उरतो. तिसऱ्या पंगतीत स्वयंपाकी, वाढपी, सफाई करणारे आणि शेतावरून उशिरा आलेले बसतात. म्हणून शिजल्याबरोबर त्यांच्या वाट्याचे पातेले झाकून बाजूला काढावे आणि वाढप्यांना पहिल्या दोन पंगतींसाठी फोडींची संख्या सांगून ठेवावी. बसायला खुर्च्या आणि सतरंजी असे दोन प्रकार करायचे नाहीत. गुडघेदुखी असलेल्यांना खुर्ची, बाकी सगळे खाली. भांडी घासण्याची पाळी फळ्यावर लिहावी, आणि तीत पहिली चार नावे कमिटीतल्या पुरुषांची घालावीत.